विसरण्याचे सहा तास

अर्जाचा भाग पहिला. मिळवलेले तास: ५० / ५०

अलका लहामगेचे पन्नास तास केव्हाच भरले होते.

दर पाच वर्षांनी वैद्यक सहायकाचा परवाना नवा करायचा, तर पन्नास तासांचं शिक्षण दाखवावं लागे. अलकाची ही सहावी खेप. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांचे आठ तास तिने वाल सोलता सोलता ऐकले होते. सर्पदंशाचे सहा एसटीत. कायदा आणि नीतीच्या चार तासांत तर तिचा चक्क डोळा लागला होता, पण शेवटची उत्तरं मात्र चोख दिली होती. उत्तरं देण्यात ती पहिल्यापासून हुशार.

खडकदऱ्याच्या उपकेंद्रात ती एकटीच होती; बाळंतपणाला तेवढ्या वाडीतल्या आशाताई हाताशी यायच्या. डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, आणि तेही भिंतीवरच्या पडद्यात. सात वाड्यांचा ताप, खोकला, जखमा, बाळंतपणं हे सगळं पडद्याच्या अलीकडच्या दोन हातांवर चालायचं. शेजारच्या दोन्ही केंद्रांतली पदं चार वर्षं रिकामी होती.

अर्जाचा भाग दुसरा. विसरलेले तास: ० / ६

अंतिम तारीख ३१ डिसेंबर. त्यानंतर नाव पटावरून कमी.

*

हा भाग दुसरा त्याच वर्षी आला होता. तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात तो भरून घ्यायचं काम शमीम तांबोळीकडे होतं. शमीम अलकाच्याच बॅचची. दोघींनी तेहतीस वर्षांपूर्वी एकाच खोलीत राहून, एकाच डब्यातलं लोणचं खाऊन कोर्स केला होता.

"ये गं अलके. किती महिने टाळतेस? तुझं बाकीचं सगळं हिरवं, हे एकच लाल. माझा सगळा तक्ता घाण दिसतोय तुझ्यामुळे."

"शमे, मला विसरायला शिकवायची काय गरज? चष्मा कुठं ठेवला ते रोज विसरते मी. त्याचे तास मोज."

"झोप तिकडं. म्हणजे तू नको, बाळाला झोपव."

टेबलावर रबरी बाळ होतं. अडीच किलोचं, निळसर, श्वास न घेणारं, हृदय बंद पडलेलं. खालच्या गादीत प्रत्येक दाब मोजणारे तंतू होते.

"नियम सांग."

"हृदय चालत नसेल तर दाब आणि श्वास. डोक्याला थंड टोपी. तीस मिनिटं थांबायचं नाही." अलका घडाघडा म्हणाली. "आधी वीस होती. आता टोपीमुळे तीस."

"शाब्बास. कर सुरू."

अलकाने अंगठे छातीवर ठेवले. एक, दोन, तीन, श्वास. एक, दोन, तीन, श्वास. शमीम समोर बसून शेंगदाणे खात होती. मिनिटं जात होती. अलकाच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. संध्याकाळी परतताना वाडीतल्या गरोदर सगुणाचा रक्तदाब बघायचा, एवढंच.

"अलके," शमीम हळूच म्हणाली, "हात बघ तुझे."

अलकाने पाहिलं. तिचे हात हवेत होते. दोन्ही तळवे समोर, खांद्याच्या उंचीवर. कुणी बंदूक रोखल्यावर माणूस करतो तसे.

घड्याळात दहा मिनिटं झाली होती.

"घाम पुसत असेन."

"परत कर."

परत केलं. दहाव्या मिनिटाला हात वर. तिसऱ्या वेळी शमीमने घड्याळावर टॉवेल टाकला आणि अलकाने दात आवळून मनाशी घोकलं, तीस, तीस, तीस. हात दहाव्या मिनिटाला वर गेले.

"गोडांबे बाई," शमीम म्हणाली.

अलकाने दोन्ही हात पदरात गुंडाळले.

गोडांबे बाई त्यांच्या शिक्षिका. त्या काळी नियम दहा मिनिटांचा होता. दहा मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर सोडायचं. सोडणं मुलींना जमत नसे. एखादी रडत, हट्टाने, बाहुलीला दाबत राही. म्हणून बाई स्टीलच्या ट्रेवर चिमटा आपटायच्या. टण्. "हात वर!" आणि पंधरा मुलींचे तीस हात वर. सहा महिने, रोज सकाळी.

"आपल्या बॅचच्या अकरा जणी आतापर्यंत आल्या," शमीम म्हणाली. "अकराच्या अकरा. माझेपण."

*

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

शिकवल्याने जुनं जात नाही. नवं त्याच्यावर रचलं जातं, इतकंच. शांतपणे प्रश्न विचारला तर माणूस वरचं उत्तर देतो. घाबरलेला हात तळाशी जातो. परवाना देणाऱ्या परिषदेने राज्यभरातल्या बाळंतपणाच्या टेबलांवरच्या अशाच गाद्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा हे उघड दिसलं. जुन्या बॅचच्या सहायकांना नवा नियम तोंडपाठ होता आणि बाळं जुन्या नियमाने मरत होती.

आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ते कपाटातून काढून, बघून, जसंच्या तसं परत ठेवत नाही. आठवलं की ते पुन्हा कच्च्या मडक्यासारखं मऊ होतं, आणि मग पुन्हा भाजून पक्कं करावं लागतं. भाजण्यासाठी मेंदूला नवी प्रथिनं बनवावी लागतात, त्याला साधारण सहा तास लागतात. त्या वेळात प्रथिनं बनू दिली नाहीत, तर मडकं विरघळतं. उंदरांमध्ये हे फार पूर्वीच दिसलं होतं. नवीन होता तो कपाळावरचा पट्टा. मेंदूतली नेमकी कुठली गाठ ओली झाली आहे ते तो दाखवायचा, आणि जिभेखालची गोळी तेवढ्याच गाठीवर पोचवायचा. सहा तास जुनं आठवायचं, मध्ये मध्ये नवं करायचं. हात मोकळे होत.

अडचण एकच. मेंदू हाताची सवय एका कप्प्यात आणि ती सवय जिथे वापरली तो प्रसंग दुसऱ्या कप्प्यात ठेवत नाही. दोन्ही एकाच धाग्यात ओवलेले असतात. धागा ओढला की दोन्ही येतात. संमतीपत्रात याला 'संलग्न वैयक्तिक स्मृती' असं नाव होतं आणि तिचा मजकूर बारीक अक्षरात होता.

*

शमीमने पट्टा नुसता लावून पाहिला. पडद्यावर अलकाच्या डोक्याचा नकाशा उमटला, त्यात काजव्यांसारखे ठिपके.

"हे तू जिथं जिथं दहाव्या मिनिटाला हात वर केलेस ते. हे वर्गातले, हे फिकट. ही खरी बाळं. एक, दोन... सात." तिचं बोट थांबलं. "हा एक बघ. हा एकटाच सगळ्यांएवढा जळतोय."

अलकाने त्या ठिपक्यावरून नजर काढून घेतली.

"तुझ्या ऋतूचं," शमीम म्हणाली.

"हं."

"हा ठेवून बाकीचे काढता येत नाहीत गं. मी विचारलं होतं. सगळ्यात घट्ट गाठ हीच आहे, हात हिच्यावरच चालतात."

"तू काय विसरलीस, शमे?"

शमीम हसली. "ते माहीत असतं तर विसरले कसं म्हणू? लिहून ठेवलंय म्हणे मी. वहीत आहे. वाचते कधी कधी. अक्षर माझं आहे, पण कुणा दुसऱ्या बाईचं दुःख वाचतेय असं वाटतं. वाईट वाटतं तिच्यासाठी." तिने शेंगदाण्याची टरफलं गोळा केली. "तूपण लिहून ठेव."

*

दर एकवीस जानेवारीला, दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, अलकाची मुलगी ऋतुजा सिन्नरहून फोन करायची. ती तिथे शाळेत शिकवायची. फोनवर दोघींमध्ये जे बोलणं व्हायचं, ते चौदा वर्षं एकाच क्रमाने होत आलं होतं.

"सांग आई."

"पहिलं मिनिट. मी तिला टॉवेलनं पुसलं. केस भरपूर. ओले, कपाळाला चिकटलेले, डाव्या भुवईपर्यंत."

"दुसरं."

"उजव्या कानाची पाळी दुमडलेली. तुझी आहे तशी."

"तिसरं."

"मूठ मिटलेली. करंगळी तेवढी बाहेर राहिलेली."

"पाठीवर लव होती ना?"

"ती पाचव्या मिनिटाला. मी टॉवेल बदलला तेव्हा दिसली. सोनेरी होती, खिडकीतून ऊन येत होतं."

"नववं?"

"ओठांचा रंग थोडा बदलला असं वाटलं मला. वाटलंच फक्त."

"दहावं."

"दहाव्या मिनिटाला तू वाहायला लागलीस. मग मी तुझ्याकडे वळले."

इथे ऋतुजा नेहमी म्हणायची, "माझ्यामुळे."

आणि अलका म्हणायची, "नाही गं."

आणि फोन ठेवला जायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बावीस वर्षांची ऋतुजा सातव्या महिन्यात खडकदऱ्याला आली होती. दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच, भरदुपारी, वार सुटली आणि रक्त जाऊ लागलं. रुग्णवाहिका दुसऱ्या तालुक्यात होती. बाळ आलं तेव्हा ऋतुजा शुद्धीवर नव्हती, आणि संध्याकाळी शुद्धीवर आली तोवर वाडीतल्या जाणत्या बायकांनी रीतीप्रमाणे बाळ ओढ्याच्या काठी नेलं होतं. अशा बाळाचं तोंड आईला दाखवत नाहीत. बारशाच्या आत गेलं, म्हणून नावही नाही. त्यानंतर ऋतुजाला मूल झालं नाही.

तेव्हा त्या तान्ह्या मुलीचं जे काही जगणं होतं, ते दहा मिनिटांचं होतं. आणि जगात ते एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

*

अलकाने वही आणली. लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. पहिलं मिनिट लिहिलं. दुसरं. पाचवं लिहिताना तिला खिडकीतल्या उन्हात उडणारी धूळही आठवली, तीपण लिहिली. नववं मिनिट लिहून झालं.

'दहावं मिनिट' एवढं लिहून ती थांबली.

समोरचा प्लास्टिकचा पडदा बाजूला करून सगुणा आत आली. आठवा महिना, पाय सुजलेले, श्वास लागलेला.

"मावशी, किती आला आज?"

"बस आधी. पळत आल्यागत काय करतेस? एकशे अठ्ठेचाळीस. मीठ कमी कर म्हणलं होतं ना?"

"सासूबाई म्हणत्यात, अळणी खाऊन पोर अळणी होईल."

"सासूबाईंना म्हणावं, मावशी तुमचा रक्तदाब घ्यायला यायचीय."

सगुणा हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "जानेवारीत तुम्ही असणार ना? बायका म्हणत होत्या, मावशीचा परवाना संपतोय."

अलकाने रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. तो नीट गुंडाळायला तिला बराच वेळ लागला.

"असेन," ती म्हणाली.

आणि असायचं ते कुठल्या हातांनी, हेही तिला त्याच क्षणी कळलं. वर जाणाऱ्या हातांनी चालणार नव्हतं.

*

दहावं मिनिट वहीत लिहिता येत नव्हतं. ते ज्याचं होतं त्याला सांगायला हवं होतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ती सिन्नरला गेली. ऋतुजा ओट्यापाशी मेथी निवडत होती, कुकर लावलेला होता. जावई बाहेरगावी.

"न कळवता आलीस? बरं वाटत नाहीये का?"

"ऋतू, गॅस बंद कर जरा."

"शिट्टी व्हायचीय अजून."

"बंद कर, बाळा."

ऋतुजाने गॅस बंद केला. अलका उभीच होती. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"त्या दिवशी तुझं रक्त सहाव्या मिनिटालाच थांबलं होतं."

ऋतुजाच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली.

"आशाताईंनी तुझं पोट दाबून धरलं होतं, इंजेक्शन लागू पडलं होतं. त्यांनी मला ओरडून सांगितलं, थांबलं म्हणून. त्यांची पाठ होती माझ्याकडे, त्यांना पुढचं दिसलं नाही. दहाव्या मिनिटाला तू वाहात नव्हतीस. मी तुझ्याकडे वळले नाही. माझे हात वर गेले."

"म्हणजे?"

"वर गेले. कोर्सला शिकवलं होतं तसे. नियम तेव्हा वीस मिनिटांचा झाला होता. मला माहीत होता, ऋतू. सहाच महिने आधी परवान्याच्या परीक्षेत तो प्रश्न आला होता. मी बरोबर उत्तर दिलं होतं. पूर्ण मार्क." तिने ओट्याची कड धरली. "हात वर गेले, आणि मी बघत होते. आणि तिची करंगळी, बाहेर राहिलेली, ती आत गेली. मुठीत."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

"कापड हललं असेल, असं मी मला सांगितलं. खाली आणता आले नाहीत मला हात. किती वेळ ते माहीत नाही. मग मी तिला गुंडाळलं."

ऋतुजा ओट्याला टेकली. मग हातातली काडी तिने निवडलेल्या ढिगात नीट ठेवली, पानं एका बाजूला, देठ एका बाजूला.

"दरवर्षी मी म्हणते, माझ्यामुळे. चौदा वर्षं. मी का जगले असं वाटायचं मला, तुला माहीत होतं ते."

"हो."

"आणि तू 'नाही गं' म्हणायचीस. एवढंच. दोन शब्द."

"हो."

"मग आज काय झालं? चौदा वर्षांनी आजच काय?"

अलकाने परवान्याचं सांगितलं. पट्टा, गोळी, सहा तास. पुढचा रविवार ठरला होता.

ऋतुजा हसली. ते हसणं अलकाने आधी कधी ऐकलं नव्हतं.

"अस्सं. म्हणजे पुढच्या रविवारी तू मोकळी. आणि हे माझ्याकडे ठेवून चाललीस. सामान ठेवतात तसं."

"कुणाकडे तरी राहायला हवं, ऋतू. नाहीतर ती होती हे..."

"नको गं तिचं नाव घेऊ! नावही नाही तिला." ऋतुजाने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "आणि मी म्हटलं, नको विसरू? राहा तशीच, म्हटलं तर?"

"तर नाही जाणार मी."

कुकर थंड होत होता. त्याच्या आतून टक् टक् असा आवाज येत होता.

"कुणी आहे का तिकडे?" ऋतुजाने विचारलं. "दिवस भरलेलं?"

"सगुणा. जानेवारीत."

ऋतुजाने मान फिरवली. "जा आई. साडेचारची एसटी आहे."

*

पहिला तास.

गोळी जिभेखाली. कडू. शमीमने पट्टा बसवला आणि म्हणाली, सांग. अलकाने सांगितलं. केस, कपाळाला चिकटलेले, डाव्या भुवईपर्यंत. दुमडलेली पाळी. मूठ, बाहेर करंगळी. सोनेरी लव, खिडकी, धूळ. हात वर. करंगळी आत. मग रबरी बाळ, दहा मिनिटं. हात वर गेले.

दुसरा तास.

केस, कपाळाला चिकटलेले. पाळी. मूठ, करंगळी. लव. खिडकी होती. हात वर, करंगळी आत. रबरी बाळ, दहा मिनिटं. हात वर जाता जाता थांबले.

तिसरा तास.

केस. पाळी दुमडलेली, ऋतूची आहे तशी. मूठ. पाठीवर काहीतरी होतं, मऊ. शमे, काय होतं गं पाठीवर? शमीम म्हणाली, मला नाही सांगता येणार, अलके. नियम आहे. रबरी बाळ, बारा मिनिटं. हात खालीच.

चौथा तास.

केस. मूठ, आणि बोट एक. अलका मध्येच उठून बसली, पट्ट्याला हात घातला, म्हणाली, काढ, काढ हा, माझ्या हातातून चाललीय ती. शमीमने तिचे हात धरले. काढायचा तर आत्ता काढता येतो, ती म्हणाली. अर्धवट राहील, पण काढता येतो. तू सांग. अलका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग आपणच आडवी झाली. चालू ठेव, म्हणाली. रबरी बाळ, वीस मिनिटं.

पाचवा तास.

एक बाळ होतं. माझ्या मुलीचं.

सहावा तास.

 

 

 

विसरलेले तास: ६ / ६. परवाना पाच वर्षांसाठी वैध.

*

सहा जानेवारीला, सकाळी नऊ वाजता, सगुणा बाळंत झाली. मुलगा. निळा, गप्प, हृदय बंद.

अलकाने थंड टोपी चढवली. अंगठे छातीवर ठेवले. एक, दोन, तीन, श्वास. पडद्यातले डॉक्टर औषधाचं प्रमाण सांगत होते, आशाताई सुई भरत होत्या. सातवं मिनिट. आठवं. सगुणा पडल्या पडल्या विचारत होती, रडत का नाही, मावशी, रडत का नाही? नववं.

दहाव्या मिनिटाला काहीच झालं नाही.

अकरावं. बारावं. सतराव्या मिनिटाला तिच्या अंगठ्याखाली काहीतरी फडफडलं, थांबलं, पुन्हा फडफडलं. एकविसाव्या मिनिटाला बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा आवाज काढला.

"आलं बाई," अलका म्हणाली. "आता करू दे सासूला अळणीचा हिशेब."

सगुणा हसत होती आणि रडत होती. अलकाचे हात दुखत होते, पाठ दुखत होती. आनंद झाला होता, कुठलंही बाळ आलं की व्हायचा तसा. आशाताई मात्र कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडात कोंबून.

"तुम्हाला काय झालं आता?" अलकाने विचारलं.

"काही नाही," आशाताई म्हणाल्या. "एकवीस मिनिटं, अलकाताई. एकवीस."

"मग? नियम तीसचा आहे."

*

एकवीस जानेवारीला दुपारी अलका लाल वही घेऊन बसली होती. ऋतुजाचा फोन त्या रविवारपासून आला नव्हता. आपण सिन्नरला गेलो होतो, ओट्यापाशी उभ्या होतो, काहीतरी सांगितलं, आणि पोरीने आपल्याला परत पाठवलं, एवढं अलकाला आठवत होतं. काय सांगितलं ते आठवत नव्हतं. त्या जागी दात पडल्यावर हिरडी लागते तसं मऊ, रिकामं काहीतरी होतं.

वहीतलं अक्षर तिचं होतं. कुणा बाईने उन्हात उडणारी धूळसुद्धा लिहून ठेवली होती.

सव्वातीनला फोन वाजला.

"आई."

"बोल बाळा." अलकाने फोन कानाशी नीट धरला. "रागावलीस ना माझ्यावर? मी काय बोलले गं त्या दिवशी?"

पलीकडे पोरांचा कालवा ऐकू येत होता. मधली सुट्टी.

"वही आहे का जवळ?" ऋतुजाने विचारलं.

"आहे. पण नवव्या मिनिटापर्यंतच आहे. दहाव्याचं नुसतं नाव लिहिलंय, पुढं कोरं."

"मी सांगते. ऐक तू." ऋतुजाने श्वास घेतला. "पहिलं मिनिट. तू तिला टॉवेलनं पुसलंस. केस भरपूर होते. ओले, कपाळाला चिकटलेले, डाव्या भुवईपर्यंत."

अलका ऐकत होती. वाचलेलंच होतं, पण मुलीच्या आवाजात ते कुणाचं तरी खरं बाळ होतं.

"दुसरं. उजव्या कानाची पाळी दुमडलेली. माझ्यासारखी. तिसरं, मूठ मिटलेली. करंगळी..." ती थांबली. "करंगळी तेवढी बाहेर."

"हं. आहे इथं."

"पाठीवर सोनेरी लव. ऊन येत होतं. नवव्या मिनिटाला ओठांचा रंग थोडा बदलला असं तुला वाटलं."

"आणि दहावं?"

पोरांचा कालवा. कुणीतरी 'बाई, बाई' म्हणून हाक मारली. अलकाने पेनाचं टोपण काढून वही मांडीवर सरळ केली, आणि वाट बघत राहिली.

"दहाव्या मिनिटाला," ऋतुजा म्हणाली, "मी वाहायला लागले. मग तू माझ्याकडे वळलीस."

अलकाने लिहून घेतलं. शब्दाला शब्द.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्या दिवशी रागावण्यासारखं काय सांगितलं मी?"

"हेच सांगितलंस. मीच उगाच रागावले."

अलका त्या ओळीकडे बघत राहिली. ओळीतल्या पोरीची तिला एकदम फार दया आली. पलीकडे फोन धरून उभी असलेली, छत्तीस वर्षांची.

"ऋतू," ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही हं ते."

पलीकडे पुन्हा कुणीतरी 'बाई' म्हणून हाक मारली.

"माहीत आहे मला, आई," ऋतुजा म्हणाली.

सुट्टी संपली. शाळेच्या आवारात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर कुणीतरी दांडा हाणला. टण्.

अलकाचे हात जागचे हलले नाहीत. ती तारीख घालत होती.